प्रत्येक रिव्हर्बची एक खोड असते

मंडपात गायक साउंडवाल्याला म्हणतो, "दादा, इको वाढव जरा." साउंडवाला मिक्सरवरच्या एफएक्स सेंडला, म्हणजे आवाज इफेक्टकडे पाठवणाऱ्या बटणाला, हात लावतो आणि वाढतो तो रिव्हर्ब. दोघांचं काम भागतं, म्हणून शब्दावरून कुणी भांडत नाही. पण घरी संगणकावर मिक्सला बसल्यावर प्लगइनच्या यादीत हॉल, प्लेट, चेंबर, स्प्रिंग, रूम, शिमर अशी नावं समोर आली की हा घोळ नडतो. ही नावं जागांची आणि यंत्रांची आहेत, आणि त्या प्रत्येकाला एकेक खोड आहे. खोड कळली की कुठला प्रकार कशावर लावायचा हे पाठ करावं लागत नाही.

आधी इको आणि रिव्हर्ब वेगळे करू. विजापूरच्या गोल घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर. वरच्या सज्जात टाळी वाजवली की आवाज समोर जाऊन परत येईपर्यंत ७६ मीटर धावतो. सेकंदाला ३४५ मीटर धरले तर २२० मिलिसेकंद झाले. एवढ्या उशिरा आलेला आवाज कानाला सुटा ऐकू येतो. हा प्रतिध्वनी, म्हणजे खरा इको. आता कार्ल्याचं चैत्यगृह घ्या. तेही साधारण ३८ मीटरच लांब, पण दोन्ही अंगांना खांबांच्या रांगा आणि छताला लाकडी कमानी. आवाज त्यांच्यावर आपटून फुटतो, तुकड्यांचे पुन्हा तुकडे होतात, आणि हजारो परावर्तनं एकमेकांत मिसळून सलग घुमणं उरतं. हा रिव्हर्ब. प्लगइनवर 'डिफ्यूजन' नावाचं जे बटण असतं ते हेच काम करतं: शून्याकडे नेलं की घुमटाची गुळगुळीत भिंत, शंभराकडे नेलं की खांबांची रांग.

कुठल्याही जागेतल्या आवाजाचे तीन भाग पडतात. पहिला थेट कानावर येणारा. मग पहिल्या ५० ते ८० मिलिसेकंदांत भिंतींवरून येणारी मोजकी, मोजता येतील अशी परावर्तनं. यांना अर्ली रिफ्लेक्शन म्हणतात आणि खोली केवढी, गायक भिंतीपासून किती लांब, हे कानाला त्यांच्यावरून कळतं. त्यामागून येतं ते शेपूट. त्यावरून जागेचा आकार फारसा कळत नाही, फक्त किती वेळ घुमतं आणि कुठले सूर आधी विरतात एवढंच कळतं. प्री-डिले म्हणजे थेट आवाज आणि रिव्हर्बची सुरुवात यांच्यातली फट.

शेपटाची लांबी मोजायची रीत हार्वर्डच्या वॉलेस सबाइन यांनी घालून दिली. १८९५ मध्ये त्यांच्याकडे फॉग संग्रहालयातल्या व्याख्यानगृहाचं काम आलं. तिथे बोललेलं कुणाला समजत नव्हतं. ऑर्गनची नळी, वेळ मोजायचं घड्याळ आणि दुसऱ्या नाट्यगृहातून उचलून आणलेल्या बैठकीच्या गाद्या एवढ्या सामग्रीवर त्यांनी सूत्र काढलं: आवाज ६० डेसिबलनं उतरायला लागणारा वेळ म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले आवाज शोषणारं एकूण क्षेत्रफळ. मीटरमध्ये मापं घ्यायची, उत्तर सेकंदात येतं.

हे सूत्र मंगल कार्यालयात लावून बघा. ३० मीटर लांब, १५ रुंद, ६ उंच. घनफळ २७०० घनमीटर. फरशी, गिलावा, पत्रा अशा जागेत रिकाम्यावेळी शोषण १५० चौरस मीटर धरलं तर २.९ सेकंद येतात. चारशे माणसं येऊन बसली, माणशी ०.४५ चौरस मीटर धरलं, की आणखी १८० मिळतात आणि तोच हॉल १.३ सेकंदांवर येतो. दुपारी चारला रिकाम्या हॉलमध्ये साउंड चेक करून "रिव्हर्ब नकोच" ठरतं आणि संध्याकाळी गायकाचा आवाज ठणठणीत कोरडा पडतो, त्याचं कारण हे. रिव्हर्बची सेटिंग अशा वेळी प्रीसेटमध्ये ठेवून रिटर्नचा, म्हणजे रिव्हर्ब मिक्समध्ये परत येतो त्याचा, फेडर खाली ओढून ठेवावा. पब्लिक बसल्यावर पहिल्या गाण्यात हळूहळू वर आणायचा.

आता यंत्रांकडे.

चेंबर. सगळ्यात जुनी आणि सगळ्यात साधी युक्ती. एका मोकळ्या, कडक भिंतींच्या खोलीत स्पीकर लावायचा, लांब माइक ठेवायचा, आणि स्पीकरमधून कोरडा आवाज सोडून माइकमधून घुमलेला परत घ्यायचा. १९४७ मध्ये शिकागोत बिल पुटनम यांनी यासाठी स्टुडिओचं न्हाणीघर वापरलं. पुढे हॉलिवूडच्या कॅपिटल स्टुडिओसाठी जमिनीखाली सुमारे ९ मीटरवर खास खोल्या बांधल्या गेल्या, आणि त्या आजही वापरात आहेत.

घरच्या बाथरूममध्ये हा प्रयोग करता येतो, आणि चेंबरची खोडही तिथेच सापडते. दीड मीटर रुंद, २.४ लांब, २.७ उंच अशी टाइल्सची बाथरूम सुमारे पावणेदहा घनमीटरची होते. तिचा घुमण्याचा वेळ एक सेकंद धरला, तर साधारण ६४० हर्ट्झच्या खाली तिथे सलग रिव्हर्ब नसतोच. तिथे सुटे सुटे सूर वाजत असतात: ६४ हर्ट्झ, ७२, ११५ आणि त्यांच्या पटी. गाणाऱ्याचा एखादा स्वर यांतल्या एकावर बसला की तेवढाच फुगून येतो आणि शेजारचा पडतो. म्हणून स्पीकरकडे जाणाऱ्या सेंडवरच ५०० हर्ट्झच्या आसपास लो-कट, म्हणजे खालचे सूर कापणारा फिल्टर, लावायचा. माइकचं तोंड स्पीकरकडे नको, कोपऱ्याकडे असू द्या, नाहीतर थेट आवाजच जास्त येतो. आणि ब्लूटूथ स्पीकर तर अजिबात नको. त्याचा उशीर शेकड्यानं मिलिसेकंदांचा असू शकतो. वायरच टाका. बादली, मग, पाण्याचे थेंब, एक्झॉस्ट फॅन हे सगळं रेकॉर्ड होतं हे सांगायला नको.

स्प्रिंग. हॅमंड ऑर्गनला चर्चसारखी घुम देण्यासाठी स्प्रिंगची पेटी आली, आणि १९६१ साली फेंडरनं ती गिटारवाल्यांसाठी वेगळी काढली. १९६३ पासून ती ॲम्प्लिफायरच्या आतच बसायला लागली. एका टोकाला लोहचुंबकाची छोटी मोटर स्प्रिंग पिळते, दुसऱ्या टोकाला पिकअप. आवाज एका फेरीला ३० ते ४० मिलिसेकंद घेतो, म्हणून दोन किंवा तीन वेगवेगळ्या मापांच्या स्प्रिंग लावतात, म्हणजे त्यांच्या फेऱ्या एकमेकींवर पडत नाहीत.

खोड अशी की स्प्रिंगमधून खालचे सूर आधी पोचतात आणि वरचे मागे रेंगाळतात. त्यामुळे तबल्याच्या 'ना'सारखा टोकदार ठोका आत गेला की बाहेर 'प्यूंव' असं काहीतरी येतं. प्रत्येक फेरीला ते आणखी ताणलं जातं. गिटारवर हेच गोड लागतं, कारण तार छेडण्याची सुरुवात त्यात भिजून निघते. तबला, ढोलकी, टाळ यांच्यावर मात्र ते विनोदी वाटतं. लावणीच्या ढोलकीवर चुकून स्प्रिंग राहिला की ऐकणारा 'काय बिघडलं' म्हणून स्पीकर तपासतो.

प्लेट. हा प्रकार जरा सावकाश समजून घेण्यासारखा आहे, कारण गाण्याच्या आवाजावर आजही पहिला हात इथेच जातो. १९५७ मध्ये जर्मनीच्या ईएमटी कंपनीनं मॉडेल १४० काढलं. आतमध्ये २ मीटर बाय १ मीटरचा, अर्ध्या मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा. तो चारही कोपऱ्यांना ताणून चौकटीत टांगलेला. मधोमध एक ड्रायव्हर त्याला थरथरवतो आणि कडेला बसवलेले पिकअप ती थरथर उचलतात. शेजारी एक छिद्राळ तक्ता असतो. तो पत्र्याच्या जवळ आणला की शेपूट एक सेकंदाकडे येतं, लांब नेला की पाचच्या आसपास जातं. पेटीसकट वजन अडीचशे किलोच्या पुढे. चौथ्या मजल्यावर न्यायची कल्पना करून बघा.

पत्र्यात वाकणाऱ्या लाटा धावतात आणि त्यांत वरचे सूर आधी पोचतात, म्हणजे स्प्रिंगच्या बरोबर उलट. म्हणून प्लेटची सुरुवात चमकदार लागते. दुसरं म्हणजे पत्र्याला भिंती नाहीत, छत नाही, त्यामुळे अर्ली रिफ्लेक्शन म्हणावं असं काही नाही. ठोका पडताक्षणी घट्ट विणलेलं शेपूट सुरू होतं. कानाला खोली दिसत नाही, पण आवाज भरतो. हीच खोड आणि हाच फायदा. गायक 'हॉलमध्ये मागे' गेल्यासारखा वाटत नाही, जागच्या जागी मोठा होतो.

मात्र सुरुवात तत्क्षणी असल्यामुळे प्री-डिले न देता प्लेट लावला की शब्द चिकटतात. जुन्या स्टुडिओंत यासाठी आवाज टेप मशीनमधून फिरवून मग पत्र्याला द्यायचे. रेकॉर्ड हेड आणि प्लेबॅक हेड यांच्यात जे अंतर, तेवढा उशीर फुकटात मिळायचा. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत रिव्हर्बकडे जाणाऱ्या सेंडवर ६०० हर्ट्झच्या खालचं आणि १० किलोहर्ट्झच्या वरचं कापायची पद्धत होती. ६०० ऐकायला भयंकर वाटतं. एकदा करून बघा. मिक्समध्ये रिव्हर्ब कमी झाल्यासारखा वाटतच नाही, फक्त गढूळपणा जातो.

डिजिटल. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेत मॅनफ्रेड श्रोडर यांनी पत्रा-स्प्रिंग सोडून आकड्यांतून रिव्हर्ब करून दाखवला. चार कोम्ब फिल्टर समांतर, म्हणजे ३० ते ४५ मिलिसेकंदांचे चार डिले, प्रत्येकाचा आवाज थोडा कमी होऊन स्वतःकडे परत फिरणारा. आणि त्यांच्यामागे दोन ऑल-पास फिल्टर, ते परावर्तनांची दाटी वाढवतात. चारही डिले एकाच पटीतले ठेवले तर त्यांची परावर्तनं एकाच जागी पडतात आणि आवाज पत्र्याच्या डब्यात गायल्यासारखा होतो. म्हणून एकमेकांना भाग न जाणारे आकडे निवडतात. श्रोडर यांचा अंदाज होता की सेकंदाला हजारभर परावर्तनं झाली की कान ती वेगळी मोजत नाही. गाण्याच्या आवाजाला ते चालतं. तबल्याला हजारावर भागत नाही. 'ता' नंतर वाळू सांडल्यासारखी खरखर ऐकू येते. स्वस्त मिक्सरमधले आतले रिव्हर्ब ढोलकीवर वाईट वाटतात ते बरेचदा यामुळे. डिफ्यूजनचं बटण असेल तर तालवाद्यांसाठी ८०च्या वर न्या. गाण्यासाठी ५०-६०वर ठेवलं तर उलट शब्द स्पष्ट राहतात.

बाजारात आलेला पहिला डिजिटल रिव्हर्ब ईएमटी २५०, १९७६ चा, बॅरी ब्लेसर यांच्या कामावर उभा. मग १९७८ मध्ये डेव्हिड ग्रीसिंगर यांचा लेक्सिकन २२४. याच्या 'हॉल'ची नक्कल आज कितीतरी प्लगइनमध्ये आहे. त्याची खुबी अशी की आतले डिले स्थिर नसतात, सतत किंचित लांब-आखूड होत राहतात. डबा वाजणं त्यामुळे झाकलं जातं आणि शेपूट रेशमासारखं लागतं.

आपल्या गाण्यासाठी नेमकी इथेच गोम आहे. डिले लांब-आखूड होतो म्हणजे आतल्या आवाजाचा सूर किंचित वर-खाली होतो. पियानो, ड्रम, कोरस यांत ते कुणाला कळत नाही. पण मागे तंबोरा चालू आहे, गायक षड्जावर सहा सेकंद थांबला आहे, आणि शेपटातला सा दोन-तीन सेंटनं (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) हलतो आहे. अशा वेळी तंबोऱ्याबरोबर त्याचे ठोके पडायला लागतात आणि सूर पाण्यात पडलेल्या सावलीसारखा हलतो. ऐकणाऱ्याला वाटतं गायक डळमळला. दोष त्याच्या माथी जातो, आणि तो आहे प्लगइनमधल्या 'मॉड्युलेशन डेप्थ'चा. ख्याल, ध्रुपद, हार्मोनियमची साथ, सनई, बासरी यांच्यावर तो शून्य किंवा शून्याजवळ न्या. शून्यावर शेपूट डब्यासारखं वाजायला लागलं तर तो रिव्हर्ब या कामाचा नाही, दुसरा घ्या. तंबोऱ्याच्या स्वतःच्या ट्रॅकला रिव्हर्ब देऊच नये असं माझं मत. जवारीची झिणझिण स्वतःच जागा भरत असते, तिच्यावर शेपूट चढवून फक्त धुकं मिळतं.

दुसरी गोष्ट तानेची. २.५ सेकंदांचं शेपूट म्हणजे आवाज सेकंदाला २४ डेसिबलनं उतरतो. सेकंदाला आठ स्वरांची तान घेतली तर पुढचा स्वर येईपर्यंत आधीचा जेमतेम ३ डेसिबल उतरलेला असतो. म्हणजे रिव्हर्बमध्ये कोमल रिषभ आणि षड्ज, तीव्र मध्यम आणि पंचम सगळे एकत्र उभे. कॉर्डच्या संगीतात शेजारच्या स्वरांची अशी गर्दी कमी होते, आपल्याकडे प्रत्येक तानेत होते. विलंबितात लांब शेपूट शोभतं. द्रुत सुरू झाली की डिके, म्हणजे शेपटाची लांबी, १.२ सेकंदांच्या आत आणा किंवा सेंड ४-५ डेसिबलनं उतरवा. ऑटोमेशन लिहायचा कंटाळा येतो, पण ख्यालाच्या मिक्समध्ये याला पर्याय नाही.

प्लगइनमधला रूम, हॉल आणि प्लेट यांतला फरक आता दोन वाक्यांत होतो. रूममध्ये अर्ली रिफ्लेक्शन ठळक आणि शेपूट अर्ध्या-पाऊण सेकंदात संपतं. हॉलमध्ये शेपूट हळूहळू फुगत येतं आणि दीड ते तीन सेकंद राहतं. प्लेटमध्ये पहिल्या क्षणापासून दाटी. शिमर म्हणजे शेपटातला आवाज एक सप्तक वर चढवून पुन्हा शेपटातच सोडलेला. जाहिरातीच्या जिंगलला ठीक. अभंगावर लावलेला ऐकला की टाळकऱ्यांच्या मागे कुणीतरी सिंथेसायझर लपवलाय असं वाटतं.

गेटेड. १९७९ मध्ये लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत गायक पीटर गॅब्रिएल यांच्या तिसऱ्या अल्बमसाठी फिल कॉलिन्स ड्रम वाजवत होते, आणि वादकांचं बोलणं इंजिनिअर ह्यू पॅजम यांना ऐकू यावं म्हणून ड्रमच्या खोलीत टांगलेला माइक चालू राहिला. त्या माइकवर जबरदस्त कॉम्प्रेसर होता, म्हणजे मोठा आवाज दाबून लहान वर आणणारं यंत्र; खोलीचा घुमारा त्यानं फुगवला, आवाज उतरला की दार मिटणाऱ्या गेटनं तो मध्येच तोडला, आणि पुढच्या दशकाचा ड्रमचा आवाज ठरून गेला. करायचं असेल तर दोन सेकंदांचा रूम किंवा प्लेट, त्याच्यामागे गेट, आणि गेटची की, म्हणजे उघडण्याचा इशारा, कोरड्या ठोक्यावरून. होल्ड २०० ते ३०० मिलिसेकंद, रिलीज ३०च्या आसपास. गेटला की रिव्हर्बच्या आवाजावरूनच दिली तर ते कधी लवकर, कधी उशिरा मिटतं. ढोलाच्या सुट्या ठोक्यांवर हे झकास बसतं. ताशावर नाही, कडकडाट सलग असल्यामुळे गेट मिटतच नाही आणि उरतो नुसता गोंगाट.

कन्व्होल्यूशन. यात जागेची नक्कल करत नाहीत, जागेचा ठसा घेतात. एका क्षणाच्या टिचकीला ती जागा कसं उत्तर देते ते रेकॉर्ड करायचं, त्याला इम्पल्स रिस्पॉन्स किंवा आयआर म्हणतात, आणि मग गाण्याचा प्रत्येक सॅम्पल, म्हणजे आवाजाचा एकेक मोजलेला आकडा, त्या उत्तरानं गुणायचा. हिशेब अवाढव्य: ३ सेकंदांचा आयआर ४८ किलोहर्ट्झला १,४४,००० सॅम्पलचा होतो, म्हणजे एका चॅनलला सेकंदाला जवळपास ७ अब्ज गुणाकार. एफएफटी नावाची वेगवान गणिती रीत वापरून आणि आयआरचे तुकडे करून हे ओझं हलकं केलं जातं. सोनीनं १९९९ मध्ये डीआरई-एस७७७ हे यंत्र आणलं. दोनेक वर्षांत तेच काम संगणकावरचं प्लगइन करू लागलं.

स्वतःचा आयआर घेणं अवघड नाही. दगडी सभामंडप, जुन्या वाड्याचा जिना, पाण्याची रिकामी टाकी, काहीही चालेल. परवानगी घ्या, आणि वेळ रात्री दोन ते चारची. दिवसा रस्ता थांबत नाही. फुगा फोडणं किंवा टाळी ही घाईची पद्धत, त्यात खालचे सूर पुरेसे नसतात आणि प्रत्येक फुगा वेगळा. त्यापेक्षा स्वीप वापरा: २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत लॉगरिदमिक चढणारा सूर, १५ सेकंदांचा, त्यामागे ५ सेकंद शांतता. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलपर्यंत. गायक जिथे बसला असता तिथे स्पीकर, ऐकणारा जिथे बसला असता तिथे दोन ओम्नी, म्हणजे सगळ्या दिशांनी ऐकणारे, माइक. मग रेकॉर्डिंगमधून मूळ स्वीप उलट गणितानं काढून टाकायचा, त्याला डीकन्व्होल्यूशन म्हणतात. रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर स्वीप वाजवणं आणि गणित दोन्ही करतं आणि वेव्ह फाइल काढून देतं.

चुका इथे ठरावीक होतात. स्पीकर फार मोठा वाजवला तर त्याची विकृती मुख्य टोकाच्या आधी छोट्या छोट्या टिचक्यांसारखी दिसते. ती कापून टाका, हा लॉग स्वीपचा उपकारच आहे. शेपूट गोंगाटात बुडतं तिथे फाइल संपवू नका, त्याच्या थोडं आधीपासून फेड-आउट सुरू करा, नाहीतर प्रत्येक स्वरामागे 'श्श्श' ऐकू येईल. देवळात पारवे असतात. स्वीप चालू असताना एकानं पंख फडफडवले तर आयआरमध्ये ती फडफड राहत नाही, वरून खाली उतरणारी शिट्टी होऊन बसते आणि ती कुठल्याही ईक्यूनं निघत नाही. तो टेक फेकायचा. पाच स्वीपची सरासरी काढण्यापेक्षा एक लांब स्वीप बरा, कारण वारा थोडा जरी हलला तरी सरासरीत वरचे सूर पुसले जातात. लांबी दुप्पट केली की गोंगाट ३ डेसिबलनं मागे पडतो. आणि आयआर सेंडवर वापरणार असाल तर त्यातला थेट आवाज, म्हणजे पहिलं उंच टोक, कापून टाका. नाहीतर कोरड्या आवाजावर तोच आवाज दुसऱ्यांदा चढतो आणि गळा पोकळ लागतो.

कन्व्होल्यूशनची खोड म्हणजे तो फोटो आहे. जागा खरी, पण थिजलेली. डिके आखूड-लांब करणारं बटण असतं खरं, ते फक्त फोटोवर सावली टाकतं. खोली लहान होत नाही. ड्रमच्या मिक्समध्ये हा थिजलेपणा निर्जीव वाटतो. तंबोरा आणि ख्यालासाठी मात्र हाच गुण, कारण सूर जागचा हलत नाही.

एक पूर्ण उदाहरण घेऊ. अभंग, भजनी ठेका, मिनिटाला ७५ मात्रा. एक मात्रा ८०० मिलिसेकंद. गाण्यासाठी प्लेट, सेंडवर, प्लगइन शंभर टक्के वेट, म्हणजे त्यातून फक्त रिव्हर्ब, कोरडा आवाज नाही. प्री-डिले मात्रेचा सोळावा भाग, ५० मिलिसेकंद. शब्दाचं पहिलं अक्षर त्यात सुटून निघतं. डिके दोन ते अडीच मात्रा, १.६ ते २ सेकंद. सेंडवर लो-कट ३०० पासून सुरू करा आणि शब्द मोकळे होईपर्यंत वर चढवा, हाय-कट ७ किलोहर्ट्झ. त्याच्याही आधी स-श-चची सळसळ दाबणारा डी-एसर, ५ ते ८ किलोहर्ट्झवर, आणि गाण्याच्या मुख्य ट्रॅकवर असतो त्यापेक्षा कडक. मराठीला याची गरज जास्त पडते. 'चरण'मधला च निराळा आणि 'चांदणं', 'चोखा'मधला दातांवरचा च निराळा. हा दुसरा रिव्हर्बमध्ये 'त्स्स' होऊन पुढच्या शब्दावर सांडतो. 'माझा', 'जग' यांतल्या झ-जचंही तेच.

टाळांना या प्लेटमध्ये पाठवूच नका. त्यांचा किणकिणता वरचा सूर शेपटात शिरला की सगळ्या मिक्सवर चरचर पसरते. टाळ, पखवाज, पेटी यांना मिळून एक छोटा रूम, ०.५ ते ०.७ सेकंद, प्री-डिले ५ ते १०. एका जागी बसल्यासारखे वाटायला तेवढा पुरतो. पखवाजाच्या धुम्यासाठी, म्हणजे डाव्या खर्जाच्या पुडीसाठी, रूमच्या सेंडवर २०० ते २५०च्या खालचं कापा, नाहीतर प्रत्येक 'धा' नंतर खाली माती बसते.

प्लेटच्या रिटर्नवर कॉम्प्रेसर लावून त्याची साइडचेन, म्हणजे कधी दाबायचं याचा इशारा, कोरड्या गाण्यावरून द्या, ३-४ डेसिबल पडेल इतपत, रिलीज २५० मिलिसेकंद. गायक गात असताना रिव्हर्ब दबून राहतो आणि ओळ संपली की उठतो. पातळी ठरवताना रिव्हर्ब वेगळा ऐकू येईपर्यंत फेडर वाढवा, मग २-३ डेसिबल मागे या. नंतर म्यूट करून बघा. गेल्यावर चुकल्यासारखं वाटलं तर बरोबर आहे. मोनोत ऐका. दोन बाजूंचा रिव्हर्ब एकत्र आल्यावर बराचसा विरतो, आणि बरीच जनता गाणं मोबाइलच्या स्पीकरवर ऐकते. शेवटची फाइल कमी बिटरेटच्या एमपी३मध्ये जाणार असेल तर शेपटातला वरचा भाग आणखी कापा. दाबलेल्या फाइलीत आधी शेपूटच बुडबुडायला लागतं.

सेंड पोस्ट-फेडर ठेवा. प्री-फेडर राहिला तर गाणं म्यूट केल्यावरही भुतासारखा रिव्हर्ब वाजत राहतो. प्रत्येक ट्रॅकवर इन्सर्टमध्ये ३० टक्के रिव्हर्ब टाकायची सवय असेल तर ती मोडा. दहा ट्रॅकांच्या दहा खोल्या होतात आणि मंडळी दहा घरांत बसून गातायत असं ऐकू येतं. मंडपात दोन गोष्टी: निवेदक बोलायला लागला की एफएक्स म्यूट, त्यासाठी पायाचा स्विच असेल तर उत्तम, आणि मॉनिटरमध्ये रिव्हर्ब शक्य तितका कमी, कारण तोच आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी ठरलेल्या पातळीच्या आधीच वाजते.

नवा रिव्हर्ब हाती आला की त्याची खोड काढायला पाच मिनिटं लागतात. तबल्याचा एकच 'ना', आधी-मागे शांतता, प्लगइन शंभर टक्के वेट, डिके पूर्ण. पहिल्या शंभर मिलिसेकंदांत दाणे ऐकू येतात का? शेवटच्या सेकंदात एखादा सूर शिट्टीसारखा उरतो का? मग तंबोऱ्याचा एकटा षड्ज सोडा आणि तो हलतो का पाहा. ड्रॅगनफ्लाय हा मोफत, मुक्त सोर्स रिव्हर्ब यावर आधी तपासून बघा. हॉल, रूम, प्लेट आणि नुसती अर्ली रिफ्लेक्शन असे चार वेगळे प्लगइन त्यात आहेत, त्यामुळे वर लिहिलेले फरक एकापाठोपाठ ऐकता येतात.

आणि एक्स्पोर्ट करताना शेवटची समेची मात्रा संपते तिथे रेंज संपवू नका. डिके जितका, त्यावर आणखी दोन सेकंद मोकळे सोडा. नाहीतर गायक थांबतो आणि पाठोपाठ देऊळही कुणीतरी बटण दाबल्यासारखं बंद होतं.